होडीच्या टू-स्ट्रोक मशीनचा जोर वाढवायचा तर: पंख्यापासून जेटपर्यंत

देवबागला कर्ली खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली की पाणी दर्याकडे धावत सुटतं. पहाटे जाळी उचलून, बर्फाची पेटी भरून, दोन माणसं घेऊन परत येताना हे पाणी समोरून येतं, आणि आपलं ९.९ अश्वशक्तीचं मशीन ओरडत राहतं, होडी मात्र किनाऱ्यावरच्या त्याच माडासमोर उभी. मशीन कमी पडतंय हे तिथे कळतं. धक्क्यावर आलात की चार जण चार उपाय सांगतात: हेड घास, पोर्ट मोठं कर, एअर बॉक्स काढून टाक, थर्मोस्टॅट फेकून दे.

मी यातलं बरंच करून बसलोय. एक पिस्टन आणि एक अख्खा हंगाम त्यात गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय. दोन सिलिंडरच्या, पाण्याने थंड होणाऱ्या, ८ ते १५ अश्वशक्तीच्या आउटबोर्डबद्दल, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला लावायच्या मशीनबद्दल लिहितोय, कारण मला तीच मशीनं ठाऊक आहेत. माझं ठाम मत असं की नवा जोर तयार करायच्या आधी हरवलेला जोर परत मिळवा. बहुतेक होड्यांचं काम तेवढ्यावरच भागतं.

कामाला हात घालायला मासेमारीबंदीचे दिवस उत्तम, १ जून ते ३१ जुलै. घाई नसते, लेथवालाही मोकळा असतो. चाचणीसाठी मात्र समुद्रात जाऊ नका. पावसाची उघडीप बघून खाडीत आत जा, नाहीतर नारळी पौर्णिमेला नारळ सोडेपर्यंत थांबा.

आधी जमवायचे कागद आणि हत्यारं

कागद:
- मशीनचं बिल आणि इंजिन नंबर
- नौकेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि मासेमारी परवाना
- विमा असेल तर त्याची पॉलिसी
- तुमच्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आणि पार्ट्स कॅटलॉग. दुसऱ्या मॉडेलचं चालत नाही.

पहिले तीन कागद कशाला, असं वाटेल. नोंदणीत मशीनची माहिती असते. ९.९ चं १५ करायचं मनात असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारून घ्या. अपघात झाल्यावर कागदावर एक आणि फळीवर दुसरंच निघालं, तर नुकसान आपलं. होडी पर्यटकांना फिरवत असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या परवान्याचाही विचार करावा लागतो. प्रवासी होडीच्या मशीनला पायरी ६ नंतरचं काहीही करू नये, असं मला मनापासून वाटतं.

हत्यारं: कॉम्प्रेशन गेज, प्लग पाना, टॉर्क पाना, फीलर गेज, प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर, २०० लिटरचा ड्रम, फोनमधला जीपीएस आणि एक वही. पैसे कमी असतील तर बाकीचं उसनं मागा, टॅकोमीटर मात्र विकतच घ्या. मशीन किती फेऱ्यांवर फिरतंय हे ठाऊक नसताना केलेला बदल म्हणजे निव्वळ अंदाज. टॅकोमीटर टू-स्ट्रोकच्या सेटिंगवर, म्हणजे फेरीला एक स्पार्क, असा लावा. नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो.

पायरी १: आजची स्थिती मोजा

रोजचं वजन चढवा: जाळी, पेटी, भरलेली टाकी, माणसं. रिकाम्या होडीवर केलेली मोजणी कामाची नाही. खाडीत आत, पाणी सपाट असेल तिथे फुल थ्रॉटल द्या. आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) आणि वेग लिहा. मग उलट फिरून त्याच पट्ट्यात पुन्हा तेच करा आणि दोन्ही वेगांची सरासरी काढा, म्हणजे भरती-ओहोटीचा हिशोब निघून जातो. अशा तीन जोड्या तरी घ्या.

याच वेळी एक प्रश्न सोडवून टाका: तुमची होडी पाण्यावर उचलली जाणारी आहे की पाणी कापत जाणारी? गोल तळाची जड होडी पाणी कापत जाते, आणि तिच्या वेगाला लांबीचं बंधन असतं. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. उत्तर नॉट्समध्ये येतं. २० फुटांसाठी ते साधारण ६ नॉट्स. या आकड्याच्या आसपास पोचलात की वाढवलेली अश्वशक्ती फक्त मागे मोठी लाट उठवते आणि पेट्रोल पिते. अशा होडीला वेग नको, ओढायची ताकद हवी, आणि ती पाण्यातल्या पंख्यातून (प्रोपेलरमधून) मिळते. सपाट तळाची हलकी फायबर होडी असेल तरच पुढच्या पायऱ्यांमधून वेग मिळेल.

पायरी २: मशीन निरोगी आहे का ते बघा

मशीन गरम करा. मग दोन्ही प्लग काढा, प्लगच्या वायरी अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेज लावून चार-पाच वेळा दोरी ओढा. दोन सिलिंडरमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर इथेच थांबा. रिंगा, पॅकिंग किंवा बोअर यांपैकी काहीतरी गेलंय. आजारी मशीनचा जोर वाढवणं म्हणजे तापात माणसाला पळवणं.

मग रीड बघा. कार्बोरेटरच्या मागे पातळ पात्या असतात, त्यांची टोकं तुटलेली किंवा वर उचललेली असतील तर मशीन खालच्या रेसला दम टाकतं. उजेडाकडे धरून फट तपासा. एक्झॉस्टच्या वाटेत साठलेला कार्बन लाकडी काठीने खरवडा, लोखंडाने नको.

थंड करणारं पाणी हा जीवनमरणाचा प्रश्न. मशीनच्या बाजूने पाण्याची धार नीट मारते की नाही हे आपण सवयीने बघतो, पण धार आली म्हणजे पुरेसं पाणी फिरतंय असं नाही. आपल्याकडे किनाऱ्याला लागताना वाळू आत जाते आणि पाण्याच्या पंपातल्या रबरी इम्पेलरच्या कडा खाऊन टाकते. दर हंगामाला तो बदला. थर्मोस्टॅट काढू नका. थंडगार चाललेल्या मशीनमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, कार्बन धरतो आणि सिलिंडर लवकर झिजतो. रोज परतल्यावर ड्रममध्ये गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवा, गिअर न्यूट्रलला ठेवून.

गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर सील गेलेत. आधी ते बदला.

पायरी ३: पेट्रोल आणि ऑइल

इथे गेल्या काही वर्षांत आपल्या पायाखालची वाळू सरकली आहे आणि बरेच जण अजून जुन्याच हिशोबाने चालतात. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल. होडीसाठी त्याचे तीन परिणाम.

पहिला, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीची नळी तळातून ओढते. म्हणजे तेवढा वेळ मशीन ऑइलशिवाय फिरतं! टाकी अर्धी ठेवून आठवडे काढू नका, लागेल तेवढंच मिसळा, आणि पारदर्शक भांड्याचा पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा.

दुसरा, जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे पॅकिंग फुगतात, चिरतात. इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या घाला.

तिसरा जोराशी थेट निगडित आहे. इथेनॉलमध्ये आधीच प्राणवायू असल्याने तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक. जुन्या पेट्रोलसाठी ठेवलेलं जेट ई-२० वर कमी पडतं आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पायरी ६ मध्ये याकडे परत येतो.

ऑइल टीसी-डब्ल्यू३ याच दर्जाचं घ्या. स्कूटरचं टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. थंड चालणाऱ्या आउटबोर्डमध्ये त्याची राख प्लगवर आणि रिंगांत बसते. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. झाकणाने अंदाजे ओतू नका, मापाची बाटली ठेवा. केरोसीनचं तर नावच काढू नका. केरोसीनवर चालणारी मशीनं वेगळी बनवलेली असतात, त्यांचं कॉम्प्रेशन कमी असतं. पेट्रोलच्या मशीनमध्ये केरोसीन घातलं की आत ठोके पडतात आणि पिस्टनचं डोकं जातं.

एक बारीकशी गोष्ट, पण तिने कितीतरी मशीनं घालवली आहेत: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायला विसरू नका. तो बंद असला की थोड्या वेळाने टाकीत पोकळी होते, पेट्रोल कमी येतं, आणि फुल रेसला मिश्रण पातळ होतं.

पायरी ४: पंखा

सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि यासाठी मशीनचा एक बोल्टही उघडावा लागत नाही.

पंख्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे एका फेरीत पंखा पाण्यात, घसरला नाही तर, किती इंच पुढे सरकेल ते. तुमच्या मशीनची फुल थ्रॉटलची हद्द मॅन्युअलमध्ये दिलेली असते. या आकाराच्या बऱ्याच टू-स्ट्रोकना ती ४,५०० ते ५,५०० आरपीएम असते. रोजच्या वजनासह मशीन त्या हद्दीत पोचतच नसेल तर पंखा जड आहे. पिच १ इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात.

माझ्या होडीवर विकत घेतल्यापासून १० पिचचा पंखा होता. जाळी भरलेली असताना मशीन ४,२०० च्या वर जातच नव्हतं. ८ पिचचा लावला आणि ते ४,६०० ला पोचलं. कर्लीच्या तोंडाशी तोच माड मागे पडताना बघितला तेव्हा मला विश्वास बसेना, कारण त्याआधीच्या पावसाळ्यात मी हेड घासण्यावर पैसे घालवले होते.

घसरण किती होतेय हेही काढा. आरपीएमला गिअरच्या प्रमाणाने भागा, पिचने गुणा, ६० ने गुणा आणि ७२,९१३ ने भागा (एका सागरी मैलात इतके इंच असतात). ५,००० आरपीएम, गिअर २.०८ आणि पिच ९ असेल तर उत्तर येतं १७.८ नॉट्स. जीपीएसवर प्रत्यक्षात १५ दिसले तर सुमारे १६ टक्के घसरण, ती हलक्या फायबर होडीला ठीक. जड होडीत घसरण याहून बरीच जास्त असते. पण काल होती त्यापेक्षा आज अचानक वाढली असेल तर पंख्याच्या मधलं रबरी बुश सुटलंय का बघा. आतल्या नळीपासून बाहेरच्या गोलापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. फेरी मारून आल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर बुश फिरतंय.

खडकाला लागून पात्याची कड दुमडली असेल तर कानशीने सरळ करा आणि तिन्ही पाती सारखी ठेवा. फाटकं पातं मशीनला हादरे देतं आणि ते हादरे सीलपर्यंत पोचतात.

रिकाम्या होडीवर हलका पंखा मशीनला हद्दीच्या वर पळवू शकतो. तेव्हा थ्रॉटल आवरा. पर्यटनाच्या आणि मासेमारीच्या दिवसांसाठी दोन वेगळे पंखे ठेवणारे लोक आहेत आणि ते शहाणे आहेत.

पायरी ५: उंची आणि कोन

पंख्याच्या वरची आडवी चपटी प्लेट, जिला आपण कॅव्हिटेशन प्लेट म्हणतो, ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर वर हवी. मागची फळी १५ इंचांची आणि मशीन लांब पायाचं २० इंची असेल तर पाच इंच जास्तीचा पाय पाण्यात फरफटत असतो. फळीवर सागवानी पट्टी चढवून उंची वाढवा, अर्धा-अर्धा इंच. वळताना पंखा हवा ओढू लागला, मशीन अचानक किंचाळलं, की जास्त वर गेलात. पाणी ओढायची जाळी हवेत आली तर मशीन तापतं, म्हणून प्रत्येक बदलानंतर धार बघा.

नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, फार वर उचलली जात असेल तर टिल्टची पिन फळीकडे एक भोक आत घ्या. नाळ पाण्यात घुसत असेल तर एक भोक बाहेर.

पायरी ६: कार्बोरेटर आणि जेट

आता मशीनला हात. कार्बोरेटर खोला, साफ करा, फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे बसवा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं.

मुख्य जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असेल, तर ११० चं ११५ केल्यावर भोकाचं क्षेत्रफळ सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. ई-२० साठी साधारण तेवढंच लागतं. मोठ्याकडून लहानाकडे या, लहानाकडून मोठ्याकडे कधीच नाही. मिश्रण जाड असेल तर मशीन धूर काढतं, अडखळतं आणि तुम्हाला सांगतं. पातळ असेल तर आधी झकास पळतं, मग जाम होतं. टू-स्ट्रोकला ऑइलही पेट्रोलमधूनच मिळतं, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी.

खात्री प्लगवरून करा. नवा प्लग लावा, वजनासह दोन मिनिटं फुल थ्रॉटल द्या आणि थ्रॉटल न सोडता सेफ्टी दोरी ओढून मशीन बंद करा. थ्रॉटल आधी कमी केलंत तर प्लगवर मंद रेसचा रंग बसतो. माणसांना आधी सांगा, होडी झटक्याने बसते. आतलं चिनी मातीचं टोक चॉकलेटी हवं. पांढरं, फोड आल्यासारखं दिसलं तर पुढे एक मिनिटही चालवू नका.

माझा पिस्टन इथेच गेला. कार्बोरेटरच्या तोंडावरचा एअर बॉक्स काढला की मशीन मोकळा श्वास घेतं असं मला सांगितलं गेलं. मी तो काढला, जेट तेच ठेवलं. तीन दिवस मशीन असं पळालं की मी सगळ्यांना सांगत सुटलो. चौथ्या दिवशी देवबागच्या बाहेर, ओहोटीत, आवाज बारीक झाला आणि मशीन थांबलं. दोरी ओढली तर हलेना. वल्ह्यांनी होडी जागेवर धरून ठेवली, तासाभराने दुसऱ्या होडीने ओढून आणलं. हेड उघडलं तेव्हा वरच्या पिस्टनची एक्झॉस्टकडची बाजू उभी खरवडलेली होती आणि ॲल्युमिनियम बोअरला लेपासारखं चिकटलं होतं. एअर बॉक्स पाण्याचे तुषारही अडवतो. तो जागेवर राहू द्या.

पायरी ७: ९.९ चं १५ करणं

काही मशीनांत हे खरंच शक्य असतं. यामाहाच्या टू-स्ट्रोक ९.९ एफ आणि १५ एफ या दोन्हींचं बोअर ५६ मिलिमीटर, स्ट्रोक ५० मिलिमीटर, एकूण २४६ सीसी. ब्लॉक तोच, श्वास आवळलेला. कुठे कार्बोरेटरचा गळा लहान असतो, कुठे रीडचा स्टॉपर खाली असतो, कुठे एक्झॉस्ट अरुंद. तुमच्या मशीनमध्ये नेमकं काय, ते दोन्ही मॉडेलचे पार्ट नंबर कॅटलॉगमध्ये शेजारी-शेजारी ठेवून बघा. नंबर वेगळे दिसतील तेवढेच भाग बदला, सगळे एकत्र, आणि मूळ कंपनीचेच. जुना गळा कानशीने मोठा करणं म्हणजे कार्बोरेटर वाया घालवणं.

प्रत्येक ९.९ असं नसतं. सीसी वेगळी असेल तर हा विषय बंद करा. बदल झाल्यावर पायरी ४ पुन्हा करावी लागते, आणि मागच्या फळीला तडे नाहीत ना, बोल्टांभोवती लाकूड मऊ झालं नाही ना, हे चाकूचं टोक दाबून तपासा.

पायरी ८: हेड, पोर्ट, एक्झॉस्ट

थोडक्यात: मासेमारीच्या होडीला करू नका. एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर जायचं भोक, वर उचललं की ताकद वरच्या आरपीएमला सरकते आणि खालचा जोर जातो. जाळी ओढताना आपल्याला नेमका खालचाच जोर हवा असतो. पोर्टच्या कडा नीट गोल केल्या नाहीत तर रिंग अडकून तुटते. हेड घासलं की कॉम्प्रेशनबरोबर उष्णताही वाढते, आणि तासन्‌तास फुल थ्रॉटलवर चालणाऱ्या मशीनला ती झेपत नाही. पायातली एक्झॉस्टची नळी कापली तर आवाज वाढतो आणि बसवलेला ताळमेळ बिघडतो. हे शर्यतीच्या हलक्या बोटींचं काम आहे, तिथे माणसं मशीन दर काही तासांनी उघडतात.

यातलं एकच काम करण्यासारखं आहे: पॅकिंगची कड आतल्या वाटेत आलेली असेल तर ती भोकाशी जुळवून कापा.

पायरी ९: बदलानंतरची पहिली फेरी

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पायरी १ ची मोजणी. दोन बदल एकत्र केले आणि मशीन बिघडलं, तर दोष कुणाला द्यायचा?

पिस्टन किंवा रिंगा नव्या असतील तर पहिले १० तास २५:१, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर ऑइल, आणि सलग फुल थ्रॉटल नाही. हेडचे बोल्ट पहिल्या फेरीनंतर, मशीन थंड झाल्यावर, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर पुन्हा तपासा.

पहिल्या आठवड्यात एकट्याने जाऊ नका आणि खाडीचं तोंड ओलांडू नका. लाइफ जॅकेट अंगात, सेफ्टी दोरी मनगटाला. होडीत दोन वल्ही, नांगर आणि पुरेसा दोर, प्लगचा जोड, प्लग पाना, पंख्याची पिन आणि जुनं जेट असू द्या. ओहोटी लागायच्या तासभर आधी परत फिरा.